न दुखणारा डोळा

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुमचे आजोबा हल्ली काळा चष्मा लावून बसतात आणि तुम्ही त्यांना हिरो म्हणता. ते खूश होतात, म्हणून मी मध्ये बोलत नाही. पण कारण तुम्हाला कळायला हवं, आणि ते क्रमाने सांगितलेलं बरं.

पावसाळा संपता संपता त्यांच्या कपाळावर उजवीकडे नागीण उठली. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून बसतो आणि म्हातारपणी असा वर येतो. आमच्या शेजारच्या बाई वारज्यातल्या मूळच्या, शेतकरी घरातल्या. त्या गेरूची वाटी घेऊन दारात आल्या.

"काकू, कडंनं गेरू फिरवू द्या. नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस हाताला लागत न्हाई."

"माणूस तसाही कुणाच्या हाताला लागत नाही," आजोबा आतून म्हणाले.

आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलं. गोळ्या घेतल्या, फोड सुकले, खपल्या पडल्या. आम्ही दोघं शिकलेली माणसं. गेरूवाचून निभावलं याचंच आम्हाला कौतुक. नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला होता, त्याकडे कुणी पाहिलं नाही. जी नस तिथे जाते तीच डोळ्यातही जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग उजवा डोळा लाल दिसू लागला.

"अहो, दुखतोय का?"

"अजिबात नाही."

आमच्या घरात दुखल्याशिवाय डॉक्टरकडे कुणी जात नाही. एकदा मी कांदा चिरत होते आणि ते समोर पेपर वाचत होते. डावा डोळा चोळत म्हणाले, "हा एकटाच चुरचुरतोय. उजवा बघ, कसा तयार झालाय." मी हसले. मात्र पुढच्या आठवड्यात ते चष्म्याची उजवी काच पुन्हापुन्हा पुसू लागले. काच स्वच्छ होती. मी ती उजेडात धरून पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळे दाखवायला नेलं.

सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, कमी बोलतात. त्यांनी कापसाची बारीक वात करून डाव्या बुबुळाला जेमतेम टेकवली. पापणी झटकन मिटली. मग उजव्याला. कापूस बुबुळावर टेकलेला मला दिसत होता, आणि आजोबा टक लावून समोर बघत होते.

"सुरू कधी करणार?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका," डॉक्टर म्हणाल्या.

नंतर डोळ्यात केशरी रंगाचा थेंब घालून, निळा उजेड टाकून त्यांनी मला यंत्राच्या स्क्रीनवर दाखवलं. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ पडदा सतत असतो. बुबुळालगत चिकट थर, त्यामुळे पाणी धरून राहतं. त्यावर पाण्याचा थर, जंतू मारणारा. सगळ्यात वर पापणीच्या कडेतून येणारं तेल, पाणी उडून जाऊ नये म्हणून. बुबुळात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे त्याला हवाही याच पडद्यातून मिळते. तो विरला की डोळा चुरचुरतो, आपण पापणी मिटतो आणि पडदा पुन्हा पसरतो. चुरचुरणं हाच त्याचा राखणदार.

निळ्या उजेडात त्या रंगाची डाव्या डोळ्यावरची हिरवट चकाकी पापणी मिटेपर्यंत अखंड होती. उजवीकडे माझ्या देखत काळे ठिपके पडले, एकमेकांना मिळाले, पसरले. नागिणीने त्या डोळ्याची नसच बधिर केली होती; पापणी हललीच नाही. मधोमध एक हिरवा डाग मात्र तसाच उजळ राहिला.

"ती जखम आहे. वरची त्वचा गेलीय, म्हणून रंग आत मुरलाय," डॉक्टर म्हणाल्या. "दुखली असती तर तुम्ही केव्हाच आला असतात. आणखी खोल गेली तर बुबुळाला भोक पडेल, मग नजरेची खात्री नाही."

थेंब सुरू झाले. शिवाय उघडेपणा कमी व्हावा म्हणून बाहेरच्या कोपऱ्यात पापण्यांना टाके घालून त्या शिवल्या.

"म्हणजे शटर अर्धं खाली," आजोबा म्हणाले. "हरकत नाही. गिऱ्हाईकं तशीही कमीच."

तो काळा चष्मा हे शिवलेलं झाकायलाच. आता रोज संध्याकाळी मी त्यांना खिडकीशी बसवते आणि टॉर्चने तो जखमेचा डाग बघते. मोहरीएवढा, रंगाविना पांढुरका. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढला किंवा पिवळा दिसला तर थांबू नका. परवापर्यंत मोहरीएवढाच होता. काल मी टॉर्च जवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला.

"किती आहे?"

"तेवढाच वाटतोय. बहुतेक."

ते उठले आणि खुंटीवरचा शर्ट काढला.

"तू कधी 'बहुतेक' म्हणत नाहीस," ते म्हणाले. "रिक्षा बोलाव."