प्रमोदिनीचा शब्द

नवरा गेल्यावर वर्षभरातच प्रमोदिनी गिरीज गावी भावाच्या वाडीत परत आली. मूलबाळ नव्हतं. नरहरीदादाने नाही म्हटलं नाही, वहिनी हेमांगीनेही नाही. पण घरात काय शिजवायचं, कुणाला बोलवायचं, हे तिला कुणी विचारत नसे. शिजवायची मात्र तीच.

तिचं ऐकायचा तो भुऱ्या. केळीच्या बागेत सापडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू तिनेच वाढवलं होतं. पुढ्यात तळलेले बोंबील ठेवले तरी ती ‘घे’ म्हणेपर्यंत तो तोंड लावत नसे. सणाला माणसं जमली की पंगत बसायच्या आधी ती त्याला दहीभात घालायची आणि पंपाच्या खोलीमागे बांधून ठेवायची. ताटातलं त्याला काही देऊ नका, शिजलेल्या कोंबडीचं हाड तर मुळीच नको, ते टोकदार तुटतं, एवढं ती प्रत्येकाला सांगायची.

अठ्ठ्याण्णवच्या धुळवडीला हेमांगीचा थोरला भाऊ जयवंत मुंबईहून आला. गावठी कोंबडीचं जेवण चाललं असताना तो हात न धुताच उठला आणि भुऱ्याला सोडून ओटीवर घेऊन आला.

“सणाच्या दिवशी मुक्या जिवाला बांधून घालता?” म्हणत त्याने तंगडीचं हाड पुढे टाकलं.

भुऱ्या बसला आणि प्रमोदिनीकडे बघत राहिला. सगळे हसले.

“भाऊ, हाड नको,” ती म्हणाली. “आतडी फाटतात.”

“गावभरची कुत्री हाडंच खातात, प्रमोदिनीताई. म्हणा ना घे.”

हेमांगीने भांडं जरा जोरात खाली ठेवलं. तेव्हा नरहरी हळू आवाजात म्हणाला, “म्हण की. पाहुण्यांचा मान राखायचा की कुत्र्याचा?”

“घे,” प्रमोदिनी म्हणाली.

जयवंतने आणखी दोन हाडं टाकली.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. पोट दगडासारखं झालं होतं. “डॉक्टरकडे नेऊ या, दादा,” ती म्हणाली. केळीचा टेम्पो भरायचा होता. “संध्याकाळपर्यंत होईल बरा,” नरहरी म्हणाला. तिसऱ्या सकाळी तिने स्वतःच रिक्षा आणली. डॉक्टर पोट चाचपून म्हणाले, हाडाने आतडं फाटलंय, कालच आणायला हवा होता. परत येताना रिक्षातच, तिच्या मांडीवर, तो गेला.

नरहरीने बांधावर खड्डा खणला. माती ओढताना तो म्हणाला, “तूच घे म्हणालीस. नाहीतर त्याने तोंडसुद्धा लावलं नसतं.”

तो रागाने बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता. जयवंतचा फोन आला तेव्हा हेमांगीने भुऱ्या गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, गोखिवऱ्याला मित्राच्या कारखान्यात पिल्लं झालीत, एक पाठवतो.

पिल्लू आलं. हेमांगीने त्याचं नाव ठेवलं. प्रमोदिनी त्याला वेळेवर भात घालायची, पण नावाने हाक कधी मारली नाही. ते ताटातली मासळी पळवायचं आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटायची.

पुढच्या धुळवडीला तिने नेहमीसारखाच स्वयंपाक केला. पंगत बसली तशी ती मागच्या दाराने निघून विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. चार वाजता भांडी घासायला आत आली. टोपात रस्सा उरला नव्हता. ती जेवली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.