डेन्झिलची जागा

टेप मशीनवर चढवली आणि ती किंचाळली. मी लगेच मशीन बंद केलं. समोर बसलेले जनूशेठ म्हणाले, "मेली काय?"

"नाही. ओल धरली आहे."

जुन्या टेपवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवणं हे माझं काम. जनूशेठ पनवेलजवळच्याच गावचे, आता बिल्डर. तरुणपणी ते मुंबईतल्या एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे ड्रमर होते. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक गाणी आणि मध्येच बदलणारे ठेके. बँड मोडला तेव्हा त्यांनी स्वतःचा अल्बम रेकॉर्ड केला, पण बाहेर काढला नाही. आता सत्तरीत काढायचा होता. टेप ही एवढी एकच.

टेपवर आवाजाचा थर गोंदासारख्या पदार्थाने धरलेला असतो. आपल्या दमट हवेत तो चिकट होतो. मग टेप मंद उष्णतेवर, साधारण चोपन्न डिग्रीला, सुकवावी लागते. याला बेकिंग म्हणतात. त्यानंतर टेप काही आठवडेच नीट वाजते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. मी हे घरच्या आंबापोळीच्या ड्रायरमध्ये करतो. यावर बायकोचं मत वेगळं आहे.

कॉपी उत्तम झाली. चौथ्या गाण्यात मात्र मध्येच बाकी सगळी वाद्यं थांबत होती आणि जवळजवळ मिनिटभर नुसती झांज सात मात्रांच्या ठेक्यात चालू राहत होती. मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. तेवढा तुकडा कापून मी दोन्ही टोकं जोडली. जोड बरोबर समेवर बसवला. कोणाला कळला नसता.

जनूशेठ डोळे मिटून, पायाने ठेका धरून ऐकत होते. तो जोड आला. गाणं पुढे गेलं, त्यांचा पाय मागेच राहिला. त्यांनी डोळे उघडले.

"डेन्झिलला कुठं टाकलास?"

मी म्हणालो, तिथे कोणीच वाजवत नाही.

"तीच त्याची जागा हाय. आमचा कीबोर्डवाला. परदेशी जाताना बोलला, आलो की वाजवतो. आला नाय. म्हणून तर आमी अल्बम काढला नाय."

पनवेलमध्ये चांगले कीबोर्डवाले आहेत, असं मी सुचवलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. डेन्झिलचा नंबर, पत्ता काही आहे का, मी विचारलं. नव्हता.

"अल्बम बाहेर आला तर कुठंतरी ऐकंल ना तो," ते म्हणाले. "जागा दिसली की समजंल त्याला."

मूळ कॉपीला मी कधीच हात लावत नाही, त्यामुळे तुकडा परत बसवता आला. अल्बम इंटरनेटवर आला. चौथ्या गाण्याखाली लोक लिहितात, फाइल खराब आहे, तपासा. जनूशेठ प्रत्येक कॉमेंट वाचतात. लिहिणाऱ्याचं नाव आधी.

तेव्हापासून क्लायंटला विचारल्याशिवाय मी शांतता कापत नाही. आणि काम पूर्ण करून दिलं की फोल्डर आर्काइव्हला टाकायचा, हा माझा नियम. हा फोल्डर अजून चालू कामांमध्येच आहे.