काजलचं जन्मवर्ष फॉर्ममध्ये नव्हतं

माझ्या बहिणीला ऑपरेशनसाठी मदत नाकारली, कारण ती मोठी झाली होती.

तेवीस वर्षांची.

हे चिडून लिहितेय. शुद्धलेखन बघू नका.

काजलला जाऊन आज वर्ष झालं. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तानशाकडच्या आमच्या गावातली, माझ्याहून सात वर्षांनी लहान. शहापूरला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला होती. साइट बंद पडली तरी माणसाला परत पाठवायची नाही.

"बसा मावशी, होईल आता."

जन्मतःच तिच्या हृदयात दोष होता. रडली की ओठ निळे पडायचे. सहा वर्षांची असताना एका ट्रस्टने ऑपरेशनचा सगळा खर्च केला. ते उपकार आम्ही विसरलो नाही, विसरणारही नाही.

पण पुढचं ऐका.

ट्रस्टच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर उभं केलं. माइकवरून साहेब म्हणाले, "ही मुलगी आता पूर्ण बरी झाली!"

टाळ्या. आई रडली.

आणि आम्ही ते खरं धरून बसलो. दोन-तीन वर्षं तपासणीला गेलो. मग भातलावणी, शाळा, माझं लग्न. फाइल पत्र्याच्या पेटीत गेली.

दोन वर्षांपूर्वी ती मुरबाडला माझ्या घरी आली आणि दोन जिने चढून पायरीवरच बसली.

"काय गो, म्हातारी झालीस काय?"

"ताई, दम लागतो."

"मोबाइल कमी बघ. चालत जा जरा."

हे मी बोलले. मीच.

शेवटी इको केला. हृदयाची एक झडप गळत होती, उजवी बाजू फुगली होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "नवी झडप बसवावी लागेल. अशा ऑपरेशननंतर जन्मभर तपासणी लागते. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं असेल. टाळ्यांत ऐकू आलं नसेल.

मग फिरणं सुरू. ज्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे लहान मुलांचा विभाग म्हणाला, तुम्ही मोठ्या, वर जा. मोठ्यांचा विभाग म्हणाला, ही जन्मजात केस, खाली जा.

तळमजला, तिसरा मजला, परत तळमजला. लिफ्ट बंद. जिला दम लागतो तिला!

म्हणून काजलने त्याच ट्रस्टचा फॉर्म उघडला. दुकानात बसून हाच फॉर्म तिने कितीतरी आयांना फुकट भरून दिला होता. जन्मवर्षाची यादी उघडली. खाली गेली, अजून खाली गेली. तिचं वर्ष आलंच नाही.

हसली. "ताई, मी जन्मलेच नाय."

ऑफिसला फोन लावला. "मॅडम, आमची योजना अठरापर्यंतच."

"पण सर, मला तुमच्याच ट्रस्टने वाचवलंय."

"अरे वा! मग तुमचा एक व्हिडिओ पाठवा ना. देणगीदारांना आवडेल."

मी फोन हिसकावून घेणार होते. तिने माझा हात धरला.

आणि पाठवला हो तिने व्हिडिओ! म्हणाली, "तुमच्यामुळे मी वाचले. आता मोठी झालेय. आमचं पुढचं पण बघा."

शेवटचं वाक्य कापून त्यांनी तो सगळीकडे फिरवला.

डॉक्टर बाईंना विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "लहान मुलाचा फोटो दाखवला की मदत येते. ती मुलं मोठी झाल्यावर कुठे आहेत, कशी आहेत, याची नोंदच नाही. त्याच्या अभ्यासाला पैसे मागितले तर लोक विचारतात, त्याने कुणाचा जीव वाचणार?"

काजल म्हणाली, "मी काढते नोंद. फॉर्मच तर भरायचाय."

गावोगावच्या आशाताईंना फोन करून तिने आपल्या दोन तालुक्यांत तिच्यासारखी चौघं शोधली. त्यातली एक मुरबाडची, लग्न झालेली. ऑपरेशनचं सासरी सांगितलेलंच नव्हतं. "परत फोन करू नकोस बाई," म्हणाली.

काजलने परत केला. मग परत.

मी ओरडले, "आधी स्वतःचं बघ!"

"माझं चाललंय ना ताई. तिचं सुरूच नाय झालं."

तिचं खरंच चाललं होतं. गावाने हातभार लावला, दुसरी एक संस्था पैसे द्यायला तयार झाली, ऑपरेशनची तारीख मिळाली.

तारखेच्या बारा दिवस आधी, भर सकाळी, कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला भरताना ती खुर्चीतच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

आई एकच विचारत राहिली, "मोठी केली ती चूक केली काय गो आमी?"



या वर्षी ट्रस्टने वयाची मर्यादा वाढवली. एकवीस केली. मला आवर्जून कळवलं, फुलांच्या इमोजीसकट.

एकवीस! काजल तेवीसची होती. बाविसाव्या वर्षी हृदय आपोआप बरं होतं का हो?

मुरबाडच्या त्या बाईने मात्र नवऱ्याला सांगितलं. दोघं तपासून आले. तूर्त ठीक आहे, दरवर्षी दाखवायचंय. मला फोन करून बराच वेळ रडली. मीही.

तुमच्या घरात कुणाचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर कितीही धडधाकट दिसू दे, दाखवून या. यंदाच. आणि देणगी देणार असाल तर एक प्रश्न विचारा, की मुलं मोठी झाल्यावर काय?

काजल, सगळे म्हणतात वर्ष झालं, आता शांत हो. नाय होत गो.

आईने आज वालाचं बिरडं केलंय. तुझं ताट वाढलंय. पोटभर जेव.

भावपूर्ण वगैरे माझ्याच्याने लिहवत नाही. नमस्कार घे.

तुझी ताई