फरान्समामाची डावी बाजू

फरान्समामांना चालता चालता वळायचे असले, की ते आधी हात काढत. मोटरीतून नव्हे, पायी. विहिरीकडे निघाले आणि उजव्या हाताची पाणंद आली, की त्यांचा उजवा हात खांद्यातून सरळ आडवा व्हायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि मग मामा वळायचे. मागे कुणी असो वा नसो. पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडे जातानासुद्धा हा नेम चुकत नसे. तेव्हा टमरेल तेवढे डाव्या हातात घेत. केदारखेड्यात नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटे, ह्या माणसाच्या हाताला काही तरी झाले आहे. आमच्या शेजारची एक म्हातारी तर त्यांना बरीच वर्षे करंजीचे तेल चोळायला सांगत होती. मामा तिला "बराबर हाय, लावतो" म्हणत आणि हात काढून वळून जात.

त्यांचे खरे नाव दगडूबा. पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी ते घरात भांडून नगरला गेले, पलटणीत भरती झाले आणि खेचरांच्या गाड्या हाकायला थेट फ्रान्सला पोचले. लढाई संपली तसे परत आले. येताना त्यांनी पदक आणले नाही, पैसा आणला नाही. एक जाड लोकरी गळपट्टा आणला आणि रस्त्याने कसे चालायचे ते आणले. पुढे जालन्याच्या एका शेठजींनी भोकरदन ते जालना सर्व्हिस मोटर सुरू केली. मोटर हाकायला माणूस कुठून आणायचा, तर ज्याने समुद्रापलीकडे गाड्या हाकल्या त्याला शिकवणे सोपे, असा विचार करून त्यांनी दगडूबांना गाडीवर बसवले. तोवर गावाने त्यांचे नाव बदलले होते. माझ्या आईने त्यांना भाऊ मानले होते, म्हणून ते माझे मामा. आणि माझे मामा म्हणून साऱ्या आळीचे मामा.

त्या काळी रस्ता हा बैलगाड्यांचा होता. बाजार करून परतणारा गाडीवान घोंगडी पांघरून झोपलेला असे, आणि बैल रस्त्याच्या बरोबर मधून, आपल्या बापाचा असल्यासारखे चालत. दुसरा ड्रायव्हर असता तर भोंगा पिळपिळून आणि शिव्या देऊन त्याने रस्ता डोक्यावर घेतला असता. मामा मोटर थांबवत. खाली उतरत. डाव्या बैलाची वेसण हळूच धरून अख्खी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला नेऊन लावत, बैलाच्या मानेवर दोनदा थोपटत आणि परत येऊन बसत. गाडीवानाची झोपही मोडत नसे. मोटरीतले लोक कुरकुरत. जालन्याची रेल्वे गाठायची असलेले तर दातओठ खात. मामांचे उत्तर ठरलेले होते. "माणूस ऐकून सोडून देतो. बैल ध्यानात ठेवतो."

आणि खरोखरच बैलांनी ध्यानात ठेवले. काही महिन्यांनी असे होऊ लागले, की लांबून मामांच्या मोटरीचा भोंगा ऐकू आला, की बैल आपण होऊन डावीकडे सरकत. झोपेतला गाडीवान कडेच्या बाभळीचा काटा लागून जागा होई आणि मोटर कधीच पुढे गेलेली असे. राजूरच्या बाजारात बैलजोडी विकताना एकजण दात दाखवण्याआधी सांगू लागला, की जोडी फरान्समामाच्या हाताखालून गेलेली आहे. ह्यावर मामा इतके खूष झाले, की त्या दिवशी त्यांनी मोटरीतल्या सगळ्यांना शेव-चिवडा खाऊ घातला.

फ्रान्समधली त्यांची एकच गोष्ट होती. तोफा, खंदक, गोरे साहेब ह्यांबद्दल कितीही विचारा, ते हूं म्हणून गप्प बसत. ही गोष्ट मात्र न विचारता सांगत. तिकडे पोचून थोडेच दिवस झाले होते. सकाळचे दाट धुके. मामांची गाडी इतरांपासून मागे पडलेली, आणि दोन्हीकडे उंच झाडे असलेल्या रस्त्याने ते आपले घरच्या सवयीने डावीकडून चाललेले. समोरून एक म्हातारी एका घोड्याच्या गाडीत बीट भरून आली, ती त्यांच्याच बाजूने. घोड्याचे आणि खेचरांचे नाक नाकाला लागले तेव्हा दोघे थांबले. म्हातारी तिच्या भाषेत बोलू लागली, मामा मराठीत. ती हलेना, हेही हलेनात. मामांना वाटे, चूक हिचीच. शेवटी म्हातारी खाली उतरली, मामांना दंडाला धरून तिने खाली उतरवले, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नेऊन उभे केले आणि काठीने चिखलात मधोमध एक रेघ ओढली. मग आपल्या छातीवर हात ठेवला, एक बाजू दाखवली. मामांच्या छातीवर हात ठेवला, दुसरी दाखवली.

"तवा मला समजलं," मामा म्हणत, "की तिकडं उजवीनं जात्यात. मला वाटलं व्हतं म्हातारी येडी हाय. तिला वाटलं आसंल मी येडा हाय. दोघंबी आपापल्या गावात बराबर व्हतो." जाताना म्हातारीने त्यांना एक सफरचंद दिले. सफरचंद त्यांनी तोवर कधी खाल्ले नव्हते. त्याची चव कशी होती हे सांगताना दर वेळी ते निराळे फळ आठवत. कधी बोर, कधी पेरू.

मोटरीत एकदा राजूरच्या एका शास्त्रीबुवांनी त्यांना अडवले. उजवी बाजू शुभ, डावी अशुभ. तेव्हा फ्रान्सचे लोक म्लेच्छ असून उजवीने जातात आणि आपण डावीने जातो, हे कसे? मामांनी एक मैलभर विचार केला. मग मान न वळवता म्हणाले, की आपण डावीने गेलो म्हणजे समोरून येणारा माणूस आपल्या उजव्या हाताला राहतो. प्रदक्षिणा घालताना आपण देव जसा उजव्या हाताला ठेवतो, तसा आपण समोरच्याला उजवा घालतो. फ्रान्सच्या लोकांच्यात प्रदक्षिणा नाही, म्हणून त्यांचे त्यांना चालते. शास्त्रीबुवा उतरताना त्यांना नमस्कार करून गेले.

हे सगळे हसण्यावारी नेणाऱ्यांत मी पहिला होतो. माझ्या लग्नाच्या दिवसापर्यंत.

माझी सासुरवाडी जुन्या जालन्यातली. आम्ही केदारखेड्याची मंडळी मामांच्या मोटरीतून गेलो. गोरज मुहूर्त होता. मारुतीला नारळ फोडून माझी मिरवणूक कापडाच्या दुकानांच्या गल्लीतून मांडवाकडे निघाली. मी घोड्यावर, डोळ्यांपुढे मुंडावळ्या. गल्ली अर्धी झाली असेल, तेवढ्यात समोरून दुसरा बाजा ऐकू आला आणि वळणावरून दुसरा घोडा आला. त्यावरच्या नवरदेवाचे तोंड फुलांच्या सेहऱ्यात बुडाले होते. गल्लीतल्याच एका हाजीसाहेबांच्या मुलाची, निकाहाला निघालेली बरात होती ती.

दोन्ही बाजे थांबले. माझे थोरले काका पुढे झाले. काकांचा स्वभाव सुक्या कडब्यासारखा, ठिणगी पडायचा अवकाश. गल्लीत आम्ही आधी शिरलो, तेव्हा तुम्ही मागे घ्या, असे त्यांनी सांगितले. तिकडून हाजीसाहेब शांतपणे म्हणाले, की दूल्ह्याचा घोडा मागे फिरत नसतो. काका म्हणाले, आमचाही नाही. मग दोन्हीकडचे तरुण पुढे सरकले. कुणी तरी कुणाचा तरी खांदा ढकलला. दुकानांच्या फळ्या खडाखड लागू लागल्या. ते दिवसच असे होते, की अशा ढकलाढकलीचे पुढे काय होईल सांगता येत नसे. ऊन भिंतीवरून वर वर चढत होते आणि मी घोड्यावर बसल्या बसल्या मांडवात अंतरपाट धरून उभ्या राहिलेल्या माणसांचा विचार करत होतो.

तेवढ्यात मागून गर्दीतून एक आडवा हात येताना दिसला. हाताच्या मागून मामा आले. दोन घोड्यांच्या मधे उभे राहिले, इकडची भिंत पाहिली, तिकडची पाहिली. काकांनी त्यांना दटावले, की तू मोटरीपाशी जाऊन बस. मामांनी काकांच्या दंडाला धरले. ज्या काकांना आमच्या घरात कुणी हात लावत नसे, त्यांना त्यांनी लेकरासारखे चार पावले चालवत डाव्या भिंतीला नेऊन उभे केले. काका इतके चकित झाले, की उभे राहिले. मग मामा हाजीसाहेबांपुढे गेले आणि अदबीने मुजरा करून बोलले.

"हाजीसाब, मागं कोणीच न्हाई जायाचं. तुमी तुमच्या डावीनं, आमी आमच्या डावीनं. एका नवरदेवानं दुसऱ्याला उजवा घालायचा. दोघंबी आजचे राजे हाईत."

हाजीसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग काकांकडे पाहिले, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीत हसू फुटले. "चलो, डावी तो डावी," असे म्हणून त्यांनी आपल्या मंडळींना भिंतीकडे वळवले. एकामागून एक अशी रांग धरली तर गल्ली दोन घोड्यांना पुरत होती. हे आधीपासून तसेच होते, पण मधे उभे राहिल्यावर कुणाला दिसले नव्हते.

मामांनी स्वतः दोन्ही लगाम धरले आणि घोडे एकमेकांजवळून नेले. आमचे गुडघे घासले. तेव्हा त्या नवरदेवाने सेहरा दोन बोटांनी बाजूला केला. माझ्याच वयाचा होता, घामाने निथळत होता. "भाई, जल्दी निकलो," तो कुजबुजला, "उधर काझीसाब उठ के चले जाएंगे." मी म्हणालो, आमचे भटजीही तसेच आहेत. आम्ही दोघे हसू लागलो ते हसू थांबेना. हाजीसाहेबांनी जाता जाता काकांच्या मनगटाला अत्तर लावले. काकांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी आपल्या हातातला नारळ हाजीसाहेबांना दिला. दोन्ही बाजे एकदमच सुरू झाले, एक एका चालीत, दुसरा दुसऱ्या. आणि अशा त्या गोंगाटात मी वेळेवर मांडवात पोचलो. पुढे माझ्या बायकोची लुगडी हाजीसाहेबांच्याच दुकानातून येत. तो नवरदेव, करीम, स्वतः गाठोडी सोडून बसे आणि माप नेहमी वीतभर जास्त देई.

दुसरी लढाई आली. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटरीला कोळशाची शेगडी लागली आणि चढावर उतारू उतरून ढकलू लागले. मामा म्हातारे झाले. मोटर हाकत राहिले.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात मला परभणीच्या शाळेत नोकरी लागली. मी आणि बायको ट्रंका घेऊन केदारखेड्याहून मोटरीत बसलो. जालन्याला रेल्वे धरायची होती. गाव सोडून थोडे पुढे आलो असू, तोच क्लीनर किसन ओरडला आणि मामांनी ब्रेक दाबला. मोटरीच्या तोंडापुढे हातभर अंतरावर बाजूच्या शेतातून आलेली एक म्हैस रवंथ करत उभी होती. कुणाला काही झाले नाही. म्हशीने तर मानही वळवली नाही.

मामा खाली उतरले. म्हशीभोवती एकदा फिरले, तिच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले आणि किसनला म्हणाले, बस माझ्या जागेवर. किसन त्यांच्याच हाताखाली शिकलेला, चांगला दोन लेकरांचा बाप. तो मागे सरला. उतारू म्हणू लागले, मामा, जालन्यापर्यंत तरी चला, भर दिवसा म्हैस कुणालाही चुकते.

"मला आज म्हैस दिसली न्हाई," मामा म्हणाले. "उद्या लेकरू दिसणार न्हाई. किसन, चल, लोकांची रेल्वे हाय."

मग ते मागच्या दाराने चढले आणि आमच्या पुढच्या बाकावर खिडकीशी बसले. मोटर निघाली. मला त्यांची फक्त मान दिसत होती, आणि तो जुना गळपट्टा. माझी बायको पदराने डोळे टिपू लागली. इतकी वर्षे ज्याने हा रस्ता हाकला, त्याला आज काय वाटत असेल, असे माझ्या मनात येत होते.

बऱ्याच वेळाने मामा वळले. त्यांचे डोळे कोरडे होते आणि तोंडावर सणाला नवे कपडे घातलेल्या पोरासारखा भाव होता. दूरचे त्यांना दिसत होते. बाजूने पुढ्यात येणारेच दगा देत होते. "भाचे," ते म्हणाले, "ही करडई कोनाची? एवढी पिवळी?" मी सांगितले. थोड्या वेळाने त्यांनी एक विहीर दाखवली, मग एक जांभळीचे झाड, मग शाळूत मचाणावर उभी राहून गोफण फिरवणारी एक बाई. एवढी वर्षे जाऊन येऊन राह्यलो, म्हणाले, पण रस्त्याबिगर काही बघितलंच न्हाई. राजूर आले तेव्हा टेकडीवरचा गणपतीचा कळस त्यांनी खिडकीबाहेर वाकून नीट पाहून घेतला. तोही त्यांनी धावत्या मोटरीतून कधी पाहिला नव्हता.

जालन्याला आम्ही उतरलो. ट्रंका खाली घेतल्या, मामांच्या पाया पडायला पुन्हा आत चढलो. ते जागचे हलले नव्हते. मी म्हटले, मामा, उतरा, चहा घेऊ. त्यांनी मान हलवली. मोटर लगेच परत निघणार होती, आणि त्यांना ती जागा सोडायची नव्हती.

"ह्याच खिडकीशी बसतो," ते म्हणाले. "आता जाताना पल्याडची शेतं हिकडं येतील." माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला, परभणीला पाणी उकळून प्या म्हणाले, आणि आम्हाला जवळजवळ ढकलूनच खाली उतरवले.

किसनने मोटर वळवली. आम्ही दोघे ट्रंकांपाशी उभे राहून हात हलवत राहिलो. मोटर आमच्या अगदी जवळून गेली. खिडकीत मामा होते, काचेला नाक लावून. त्यांनी आमच्याकडे पाहिलेच नाही.