बोळक्या तोंडाचा गेज

आमच्या शेजारच्या भाऊजींइतका शब्दांचा छळ करणारा माणूस मुकुंदवाडीत दुसरा झाला नाही, होऊही नये. चिकलठाण्याच्या कारखान्यात ते जन्मभर तपासनीस होते. हातात गेज, म्हणजे मापाचा साचा. त्यात सुटा भाग बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. रिटायर झाले आणि तोच खाक्या घेऊन शब्दांच्या मागं लागले. स्वतःची एक नवी भाषाच काढली त्यांनी. कारखान्यात ते ‘लई’ आणि ‘व्हय’ म्हणाले की साहेब लोक हसायचे. तो राग माणसानं घरी आणून लोणच्यासारखा मुरवला. मला म्हणायचे, “वहिनी, ह्या भाषेत समदेच नवशिके. कोण कुण्या गावचा, कुण्या जातीचा, कळायचंच नाय. मग कोण कुणाला हसंल?” त्या भाषेत अहो-जाहो नव्हतं. साहेबाला अरे, शिपायालाही अरे.

नवशिक्यांना आधी रोजचे शब्द लागतात. पाणी, मीठ, तवा, खराटा. एका वस्तूला एकच शब्द, आणि तो कुणालाही बोलता आला पाहिजे. तेव्हा माझ्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणून गेज मी. “तुमच्या बोळक्यातून निघंल तो शब्द कुणाच्याबी तोंडातून निघंल,” हे वर मला तोंडावर सांगायचे. मी भाकरी थापत असले तरी दारात हजर. “वहिनी, बोला, स्त्राफ.” मी बोलायची, थुंकी उडायची, ते चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “रिजेक्ट!” मिठाचा शब्द तर काही केल्या पास होईना. तो ठरेपर्यंत मराठीत मीठ मागायचं नाही, म्हणून हा बाबा घरात अळणी वरण खात बसला. मी म्हटलं, “मेलं, मीठ मागा की!” तर म्हणे, “अजून ठरलं नाय.”

शेवटी शब्द ठरले आणि एका रविवारी त्यांनी गच्चीवर वर्ग भरवला. गल्लीतल्या बाया चहासाठी आल्या, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. शिकायला खरी एकच आली होती, त्यांची बायको. बिडकीनच्या पलीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. भांडी घासता घासता तिनं ते शब्द तोंडपाठ केले होते. सगळ्यांच्या आधी तीच उठली. पाण्याचा ग्लास नवऱ्यापुढं धरला आणि म्हणाली, “अवो, लुमा.” लुमा म्हणजे पाणी. शब्द बरोबर होता. पण चारचौघांत नवऱ्याला नुसतं ‘लुमा’ म्हणून ग्लास पुढं करायचा, हे तिच्या जिभेला जमेना.

भाऊजी कारखान्यात ओरडावं तसे ओरडले, “अवो कुठून आलं मधी? रिजेक्ट!”

बाया हसल्या. तीही हसली, तोंडाला पदर लावून. ग्लास खाली ठेवला आणि जिना उतरून गेली.

मी तिथंच म्हटलं, “भाऊजी, तुम्हाला हसणारा साहेब कुठं गेला नाय. तुमच्याच अंगात येऊन बसलाय.” वर्ग त्या दिवशी उघडला आणि त्याच दिवशी बंद पडला.

त्यानंतर तिनं त्या भाषेतला एकही शब्द उच्चारला नाही. ताट वाढलं की “वाढलंय” म्हणते, मराठीत, भिंतीकडं बघून. थोड्या दिवसांनी भाऊजी माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. “वहिनी, बोला, अवो, लुमा.” मी बोलले. त्यांनी विचारलं, “पास?” मी म्हटलं, “मला काय इचारता? जिचं तोंड बंद केलं तिला इचारा.”

आता लेकानं मला कवळी बसवून दिली आहे. कसलाही शब्द निघतो, त्यामुळं गेज म्हणून मी बाद. पण ओट्यावर बसलं की दुपारी शेजारचं ऐकू येतं. ज्यानं आयुष्यभर बायकोला “ए” म्हटलं, तो माणूस उंबऱ्यात बसून तिला हाक मारतो, “अवो, लुमा.” ती बाहेर येते, तांब्या ठेवते, आत जाते. भाऊजी लगेच पीत नाहीत. तांब्या हातात धरून आतल्या दाराकडं बघत बसतात.