बाबांची पहिली वाटी

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच बाबांचे हात थरथरायला लागले. चारचौघांत कपातला चहा सांडायचा, म्हणून त्यांनी लोकांत जाणंच सोडलं. परभणीत आमच्या घराजवळ एक ताई मातीकामाचे वर्ग घेतात. "मला एकटीला जायला लाज वाटते, सोबत चला," असं खोटंच सांगून मी त्यांना तिथं नेलं.

सगळे नवशिकेच होते. फिरत्या चाकावर कुणाचीच माती मधोमध थांबेना. बँकेतल्या एका मॅडमचा गोळा तर उडून भिंतीवर आदळला. बाबा मात्र हात मागं घेऊन बसले होते.

"मला न्हाई जमायचं," ते मला हळूच म्हणाले. "हात बघायलीस ना?"

ताईंनी ते ऐकलं. "काका, कोपरं मांड्यांवर घट्ट टेकवा. इथं सगळ्यांनाच हे सांगावं लागतं."

बाबांनी कोपरं टेकवली आणि ओल्या मातीभोवती तळवे धरले. थरथर पूर्ण थांबली नाही, पण इतकी कमी झाली की माती सरळ फिरू लागली. त्यांनी अंगठा आत दाबला, खळगा पडला आणि एका बाजूला कललेली का होईना, वाटी उभी राहिली.

"काका, माझ्यापेक्षा लय भारी झाली की!" मॅडम म्हणाल्या. बाबा मोठ्यानं हसले.

हात धुताना त्यांनीच ताईंना विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता यायचं?"

मला एकदम हलकं वाटलं. डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाचच तोंडावर पाणी मारून घेतलं.