चाचणीसाठी धाडलेली बाग

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांपुढे मांडावं असं माझ्यापाशी फारसं काही नाही, आणि जे आहे ते माझ्या बाजूचं नाही. तुमचा वेळ घेतोय याचा संकोच वाटतो. पण माझ्या हातून एका माणसाच्या बागेचं काय झालं, ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं, असं फार दिवसांपासून वाटत आलं. तेवढं झालं की मी थांबेन.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी जळगावला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. मेहरूण भागात तिघांत एक खोली होती. सकाळी कॉलेज झालं की मी केळी उत्पादकांच्या एका संस्थेत कामाला जायचो. संस्थेनं नुकताच संगणक घेतला होता आणि तो चालवणारा एकटा मीच होतो. मला फार येत होतं असं नाही. बाकीच्यांना अजिबात येत नव्हतं, म्हणून माझं नाव झालं.

संस्थेचं काम सोपं होतं. सभासदाची बाग तयार झाली की व्यापारी ठरायचा, कापणीची चिठ्ठी निघायची, आणि पहाटे मुकादम ती चिठ्ठी घेऊन टोळीसह शेतावर जायचा. चिठ्ठीवर गटनंबर आणि खाली सही. मुकादम एवढंच बघायचा. सही असली की कापायचं, नसली की परत यायचं. टोळी पहाटे निघायची आणि कार्यालय दहाला उघडायचं, म्हणून कोऱ्या चिठ्ठ्यांवर आदल्या दिवशीच सह्या करून ठेवायची पद्धत होती. संगणक आल्यापासून ते सहीचं काम साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापकांनी, माझ्याकडे दिलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. गावाकडे गेलो की मी ते सांगायचो.

त्या वर्षी दिल्लीच्या एका कंपनीनं संगणकावरचा बाजार सुरू केला. आमच्या संगणकानं टेलिफोनवरून त्यांच्या संगणकाला संदेश पाठवायचा की अमुक गावची अमुक बाग, एवढा माल. दिल्लीचे व्यापारी तो आपल्या पडद्यावर बघणार, हवा असेल तर उचलणार, आणि उचलल्याचा संदेश रात्री आमच्याकडे येऊन चिठ्ठी आपोआप छापली जाणार. दोन्ही संगणकांचं जुळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी दिल्लीहून दोन पानांचा फॅक्स आला होता. त्यातलं दुसरं पान अर्धं पुसट होतं.

मी महिनाभर खटपट केली. मग चाचणी कशी घ्यायची ते विचारायला दिल्लीला फोन लावला.

"भाईसाहब, टेस्ट-वेस्ट कुछ नहीं है," पलीकडचा माणूस म्हणाला. "एक ही मशीन है. जो भेजोगे, सीधा व्यापारी के सामने जाएगा."

"और गलत गया तो?"

"तो गलत जाएगा," तो म्हणाला आणि हसला. "सही भेजो ना यार."

मी ठरवलं की खोट्या गावाचं खोटं नाव घालून एक संदेश धाडायचा, पोचला की लगेच रद्द करायचा. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते नारळ घेऊन आले होते. मी काय करणार ते त्यांना सांगितलं, तर ते नारळ हातात धरूनच उभे राहिले.

"पहिली नोंद, आणि खोट्या माणसाच्या नावानं? बाळा, हा मुहूर्त आहे."

"आबा, ही नुसती चाचणी आहे."

"ते तुझ्यासाठी. संस्थेसाठी ही पहिली नोंद आहे. खऱ्या सभासदाचं नाव घाल. आमच्या वहीचं पहिलं पान कधी खोटं नव्हतं."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "घाल रे, काय फरक पडतो? नंतर रद्दच करायचंय ना?"

मी आणखी बोलायला हवं होतं. पण आबांपुढे बोलण्याची सवय मला नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा मोठा फरक दिसत नव्हता.

मी आमच्या गावच्या नानांचं नाव घातलं. आमचं गाव पाचोऱ्याच्या बाजूला, गिरणेच्या काठी. नाना आमचे नात्यातले नव्हेत. वडील त्यांच्या शेतात कामाला जात. मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात बोलणं चाललं होतं, तेव्हा ओट्यावर येऊन "जाऊ द्या पोऱ्याले" म्हणणारे नाना. त्यांचा गटनंबर मला पाठ होता. दिल्लीला एका गाडीपेक्षा कमी माल धाडता येत नव्हता, आणि नानांची बाग बरोबर एका गाडीची होती. शिवाय ती तयार व्हायला महिना बाकी होता. मला वाटलं, कच्चा माल कोण उचलतो?

त्या बागेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे तेव्हा केळीला पाटानंच पाणी देत. नानांनी कुठेतरी बघून अर्ध्या बागेत नळ्या टाकल्या होत्या, थेंब थेंब पाणी देणाऱ्या. उरलेल्या अर्ध्या बागेला पहिल्यासारखंच पाट. लागवड एका दिवशी, खत सारखं. कापणीच्या दिवशी दोन्हीकडचे घड वेगवेगळे मोजायचे, असं त्यांनी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. लोक त्यांची टर उडवत. "नाना, तुमनी केळ सलाईनवर शे का?" असं कोणी विचारलं की नाना म्हणत, "मोजाना दिन येऊ दे, मंग बोल." वर्षभर ते हेच एक वाक्य बोलत होते. विहिरीचं पाणी दरवर्षी खाली जात होतं. नळ्यांची केळी कमी पाण्यात तेवढीच भरते का, हे त्यांना बघायचं होतं. गावात दुसऱ्या कोणाला ते बघायचं नव्हतं.

आबांनी नारळ फोडला. मी संदेश धाडला. थोड्या वेळानं पडद्यावर दोन शून्यं आली. फॅक्समध्ये लिहिलं होतं, दोन शून्यं म्हणजे संदेश पोचला. पेढे वाटले गेले. तासाभरानं मी रद्द करण्याचा संदेश धाडला. पुन्हा दोन शून्यं आली. मी समजलो, रद्द झालं.

ते तसं नव्हतं. दोन शून्यांचा अर्थ एवढाच की रद्द करण्याची विनंती पोचली. ती मान्य झाली की नाही, ते सांगणारा संदेश वेगळा होता, आणि तो फॅक्सच्या पुसट भागात होता. मधल्या तासात दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं बाग उचलली होती. त्या आठवड्यात तिकडे माल कमी होता आणि ते मिळेल ते घेत होते. उचललेला माल रद्द होत नसे. हे सगळं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझी सरकारी नोकरीची लेखी परीक्षा होती. दोन दिवस मी नसणार, म्हणून त्याच संध्याकाळी वीस चिठ्ठ्यांवर सह्या करून त्या छापायच्या यंत्राला लावल्या आणि एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसलो. खिडकीशी जागा मिळाली होती. संगणकावरचा बाजार जळगावात आपण आणला, असं काहीसं मनात चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी परत आलो तर साहेब दारातच भेटले. "तुझ्या गावची बाग काल कापली," ते म्हणाले. "ती चाचणीची." मग आवाज खाली आणून, "आपण मशीनची चूक म्हणू. आबांशी मी बोललोय."

मी तसाच स्टेशनवर गेलो आणि पाचोऱ्याची गाडी धरली.

नाना बागेतच होते. कापलेली खोडं उभी होती आणि जमिनीवर पानांचा खच. नळ्यांवरून टोळीची माणसं चालली होती, त्या जागोजाग दबल्या होत्या. दोन्हीकडचा माल एकाच गाडीत भरला गेला होता. मोजायला कोणी थांबलं नव्हतं.

"ये रे," नाना म्हणाले. "पेपर कसा गया?"

मी विचारलं, "नाना, तुम्ही थांबाडं का नही त्यासले?"

"मुकादम बोलना ना, नाना, माल कच्चा शे, कापू का? मी चिठ्ठी दखी. तुनी सही व्हती खाले." त्यांनी एक पान पायानं बाजूला सारलं. "मी म्हनं, पोऱ्या दिल्लीसंगे बोलस. त्याले काही मालूम व्हई. वादळवारा येवाव व्हई, नही ते भाव पडाव व्हई. उगाच नही धाडाव तो. मंग मी म्हनं, कापा."

म्हणजे त्यांना थांबवता आलं असतं. मुकादमानं विचारलं होतं. माझी सही बघून त्यांनी आपणच सांगितलं, कापा.

"नाना, ती चिठ्ठी खरी नव्हती," मी म्हणालो. "मनी चूक शे. मशीननी नही."

त्यांनी ऐकलं. दबलेली एक नळी वाकून सरळ केली. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"वरीसभर लोकेसले सांगं मी," ते म्हणाले, "मोजाना दिन येऊ द्या." मग बसले तिथेच, बांधावर. "पिलबागले मोजसूत. आते दुसरं काय?"

पिलबाग म्हणजे कापलेल्या खोडाशेजारच्या पिलापासून येणारं दुसरं पीक. त्याला आणखी आठ-नऊ महिने लागतात. "त्या दिनले तू ये," नाना म्हणाले. "तू लिही, मी मोजसु." मी येतो म्हणालो.

संस्थेनं पुढे दिल्लीचा नाद सोडला. मशीनची चूक, असंच सगळीकडे सांगितलं गेलं, आणि आबा मला भेटले की नजर चुकवायचे. बहुतेक मुहूर्ताचं त्यांच्याही मनात राहिलं असावं. मी विचारलं नाही. परीक्षेत मी पास झालो होतो. धुळ्याला एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. गावात माझं कौतुक झालं. त्या दिवशी नाना पारावर आले नव्हते, पण त्यांनी घरी गूळ पाठवला होता.

धुळ्याला मी महिने मोजत होतो. पिलं केवढी झाली असतील, निसवून केळफूल बाहेर आलं असेल का, दोन्हीकडची सारखीच वाढत असतील का. दिवाळीला जायचं ठरवलं होतं, पण रजा मिळाली नाही. म्हणजे मागायला जरा उशीरच केला. नानांना दोन कार्डं टाकली, कापणीचा दिवस कळवा म्हणून. उत्तर आलं नाही. नानांना लिहिता येत नव्हतं, मुलांना सवड नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. कार्यालयात जावक नोंदवहीवर सही करायची वेळ आली की माझा हात थांबायचा. वरचा मजकूर मी दोनदा वाचायचो. मोठे बाबू चिडवायचे, "काय हो, परीक्षेचा पेपर आहे का?"

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी वडील कार्यालयात आले. ते कधी धुळ्याला येत नसत. डोळ्यांच्या दवाखान्यात कोणाला तरी घेऊन आले होते. बाहेरच्या बाकावर टोपी काढून बसले. मी चहा सांगितला. त्यांनी बशीत ओतून तो पिऊन होईपर्यंत मी घरचं, आईचं विचारत राहिलो. मग विचारलं, नानांच्या पिलबागेचं काय?

"कापाई गया ना," वडील म्हणाले. "महिना व्हयना."

"माले कळाडं नही कोनी. मोजं का नानासनी? कोनती बाजू जास्ती भरनी?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. बशी कपाखाली ठेवली.

"तुले ठाऊकच नही का रे?" ते म्हणाले. "नाना कापनीना पंधरा दिन पहिले गयात. पोरेसनी बठ्ठा माल एकच गाडीमा भरी दिधा. मोजाले कोन व्हतं?"